दोन विषयांत नापास झालेल्या पोरांना २६ जानेवारीच्या बँडमधून काढावं का?

पांढरंसोनं
नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडं. गावात पाचवी ते दहावी शाळा आहे, आजूबाजूच्या चार खेड्यांतली पोरं येतात. शाळेचं बँड पथक बावीस जणांचं आहे, दोन बिग ड्रम, सहा साइड ड्रम, झांजा, ट्रँगल, बिगुल आणि बाकीच्यांच्या हातात बासऱ्या. २६ जानेवारीला प्रभातफेरी निघाली की म्हातारी माणसं ओट्यावर येऊन बसतात, गावात वर्षातून दोनदाच असं वाजतं.

यंदा दिवाळीनंतरच्या सभेत ठराव झाला की पहिल्या सत्रात दोन किंवा जास्त विषयांत नापास असेल त्याला बँडमधे घ्यायचं नाही. मी शाळेच्या समितीवर आहे. मी पण हात वर केला होता, तेव्हा बरोबरच वाटलं. आता बावीसातले सात जण बाहेर गेले. त्यात नववीतला एक पोरगा आहे, साइड ड्रमच्या रांगेत मधे उभा राहायचा तो. गणित, इंग्रजी, विज्ञान तिन्ही गेले त्याचे.

परवा शाळेत गेलो तर प्रॅक्टिस सुरू व्हायची होती. ड्रमचे स्क्रू कसायला बाकीच्यांना जमत नाही म्हणून त्यालाच वर्गातून बोलावलं. त्यानं सहाही ड्रम कसले, एकेकावर टिचकी मारून आवाज पाहिला, पोरांच्या गळ्यात अडकवून दिले आणि परत वर्गात जाऊन बसला. कोणाशी काही बोलला नाही. मी घरी आलो पण ते डोक्यातून जाईना. पुढच्या शनिवारी पुन्हा सभा आहे. तुमचं मत सांगा, मनापासून विचारतोय.

कोरडवाहू
ठराव बरोबर आहे. शाळा शिकायसाठी असते. पहिले पास व्हा मग वाजवा.

वऱ्हाडी_बाणा
काऊन बाप्पा काऊन! ज्या पोट्ट्याले शाळेत एकच गोष्ट येते तेच तुमी काढून घेऊन रायले. गणितात नापास झाला तर गणित शिकवा न त्याले, ड्रम कायले हिसकता? उद्या तो शाळेतच नाई आला मंग? नववीतलं पोट्टं हाये, वावरात कामाले कोनीबी बोलावते, रोज रोख भेटते. शाळेत त्याले काय भेटून रायलं आता?

नलिनी_मूर्तिजापूर
मी आई म्हणून लिहिते. माझा मुलगा आठवीत बँडमधे होता. डिसेंबर लागला की रोज "प्रॅक्टिस होती" हे एकच उत्तर. वही उघडी नाही, गृहपाठ नाही, शेवटचे दोन तास रोज बुडायचे आणि ते दोन तास नेमके गणिताचे न् इंग्रजीचे. हुशार पोरं घरी भरून काढतात, त्यांचे आईवडील शिकलेले असतात, क्लास असतो. जो आधीच मागे आहे त्याचेच तास बुडतात. म्हणून मला कोरडवाहू यांचं म्हणणं अगदीच चूक वाटत नाही. मी स्वतः सरांना सांगून मुलाला काढलं होतं. रडला चार दिवस, पण दहावी निघाली.

तूरडाळ_आलन
बँडमधून काढलं तरी मार्चमधे गणित त्याचा बँड वाजवणारच, मग निदान २६ जानेवारीला त्याला तरी वाजवू द्या :)

नलिनी_मूर्तिजापूर
@तूरडाळ हसले :) पण मुद्दा तोच आहे ना, मार्चमधे वाजू नये म्हणून काय करायचं?

निवृत्त_मुख्याध्यापक
३१ वर्षे नोकरी केली, त्यातली १४ वर्षे खेड्यातल्या शाळांमधे मुख्याध्यापक होतो. नलिनीताईंनी जे लिहिलं ते खरं आहे आणि दोष आमचा होता, पोरांचा नाही. आमच्या शाळेत शारीरिक शिक्षणाला वेगळा शिक्षक नव्हता, म्हणून जो मोकळा सापडेल त्याच्या तासाला प्रॅक्टिस. शेवटी शेवटी महिनाभर दुपारनंतर शिकवणं म्हणाल तर नावालाच. बँड चांगला झाला की गटशिक्षणाधिकारी कौतुक करायचे, सरपंच शाल द्यायचे, आणि त्या महिन्यात कोणाचं काय बुडालं हे कुणी विचारत नव्हतं.

मीही एका वर्षी असाच नियम केला होता. नऊ पोरं काढली. वार्षिक परीक्षेत त्यातली किती पास झाली असतील? दोन. त्याच्या आदल्या वर्षी नियम नव्हता तेव्हाही साधारण तसंच होतं. म्हणजे ड्रम काढून घेतल्यानं अभ्यास वाढला नाही, ते पोरगं मोकळ्या वेळेत पुस्तक घेऊन बसलं नाही, मैदानाच्या कडेला बसलं. दुसऱ्या वर्षी नियम रद्द केला. त्या नऊ जणांपैकी एकाची अजून कधी बाजारात भेट होते, तो आजही त्या वर्षाचाच विषय काढतो.

ह्यूस्टन_ते_पुसद
मी मूळचा पुसदचा, सध्या टेक्सासमधे आहे. इथे याच प्रश्नावर अख्खा कायदा आहे, म्हणून लिहितो. १९८४ साली टेक्सासनं शिक्षण सुधारणांचा मोठा कायदा केला त्यात 'नो पास, नो प्ले' आलं. शंभरापैकी ७० च्या खाली एका जरी विषयात आलात तर खेळ, बँड, सगळ्या स्पर्धा बंद, तेही सहा आठवडे. इथं फुटबॉल आणि त्याच्या मधल्या वेळेतला मार्चिंग बँड म्हणजे गावाचा जीव की प्राण, त्यामुळे फार गदारोळ झाला. लोक कोर्टात गेले, पण १९८५ मधे टेक्सासच्या सुप्रीम कोर्टानं कायदा कायम ठेवला.

पुढचा भाग महत्त्वाचा आहे. १९९५ मधे तो सहा आठवड्यांचा काळ तीन आठवड्यांवर आणला. तीन आठवड्यांनी मार्क सुधारले असले की पोरगा परत आत. आणि या तीन आठवड्यांत त्याला स्पर्धेत उतरता येत नाही, पण प्रॅक्टिसला येता येतं. माझ्या मुलीच्या बँडमधला ट्रम्पेटवाला असाच तीन आठवडे बाहेर होता, रोज सरावाला यायचा. पांढरंसोनं, तुमच्या ठरावात परत यायची वाट आहे का? ऑक्टोबरच्या मार्कांवर जानेवारीत शिक्षा, आणि मधे सुधारायची संधीच नाही, असं असेल तर ते टेक्सासपेक्षा कडक झालं.

पांढरंसोनं
@ह्यूस्टन_ते_पुसद नाही. परत यायची वाट ठरावात नाही. हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, माझ्यासुद्धा. सत्र परीक्षेनंतर पुन्हा परीक्षा घेतलीच नाही.

कोरडवाहू
अमेरिकेचं इकडं कशाला? तिकडं सगळं फुकट आणि पालक शिकलेले. आमच्याकडं पोराला धाक नसला तर संपलं. आठवीपर्यंत नापासच करत नव्हते तेव्हा काय झालं पाहिलं ना, नववीत आलेल्या पोराला भागाकार येत नाही.

चष्मिष्ट_बीएड
कोरडवाहू, नापास न करण्याचं कलम म्हणजे शिक्षण हक्क कायदा (आरटीई) २००९ चं कलम १६. ते २०१९ मधे बदललं आणि डिसेंबर २०२३ मधे आपल्या राज्यानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. पण तिथेही सरळ मागे ठेवत नाहीत, आधी जादा मार्गदर्शन, मग पुनर्परीक्षा, त्यातही गेला तरच त्याच वर्गात. म्हणजे सरकारी नियमातसुद्धा दुसरी संधी आहे आणि बँडच्या ठरावात नाही.

अजून एक सांगते. आठवीपर्यंत कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण हे विषयच आहेत, त्यांना श्रेणी असते. त्या पोराला हिंदी येत नाही म्हणून आपण भूगोलाच्या तासाला बाहेर बसवतो का? मग गणित येत नाही म्हणून संगीताला बाहेर का?

आणि कृपा करून सभेत एवढं विचारा, नापासांची नावं परिपाठात सगळ्यांसमोर वाचली का. त्याच कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई करतं.

पांढरंसोनं
वाचली. माइकवर.

वऱ्हाडी_बाणा
अरेरे.

डफडं_ते_ड्रम
बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज लिहावंच लागेल.

माझे वडील डफडं वाजवायचे. लग्नात, पोळ्याला, मयतीला, देवीच्या मिरवणुकीत. आमच्याकडे ते पिढ्यान् पिढ्या आहे. वाजवायला बोलावलं की अंगणाच्या बाहेर उभं राहायचं, सगळी पंगत उठल्यावर आमचं ताट, तेही घरी न्यायचं. पैसे देताना हातात देत नसत, वरून टाकत. मी लहान असताना वडिलांबरोबर जायचो, मला ताल तिथंच आला, कुणी शिकवला नाही. पण मला त्याची लाज वाटायची. शाळेत कुणी डफड्यावाल्याचा म्हटलं की मारामारी व्हायची.

आठवीत सरांनी साइड ड्रम दिला. पांढरे बूट, टोपीला लाल तुरा, खांद्यावर पट्टा. जी गोष्ट मला येते म्हणून गावात खालची होती तीच झेंड्यासमोर वाजवत होतो आणि पाटील, सरपंच, तलाठी सगळे सावधानमधे उभे. वडील त्या दिवशी आले होते, मागे पिंपळाच्या पारापाशी थांबले. जवळ या म्हटलं तरी आले नाहीत. संध्याकाळी घरी मला म्हणाले, तिसरा ठोका घाई करत होता. एवढंच. पण ते शाळेत शिकलेल्या गोष्टीवर माझ्याशी पहिल्यांदा बोलले होते.

मी त्या वर्षी इंग्रजीत आणि गणितात नापास होतो. असा ठराव तेव्हा असता तर मी शाळा सोडली असती हे अगदी खात्रीनं सांगतो, कारण शाळेत जायला दुसरं कारणच नव्हतं. बँड होता म्हणून आलो, आलो म्हणून तासाला बसलो, बसलो म्हणून काहीतरी कानावर पडलं. दहावी दुसऱ्या खेपेला निघाली. आज महावितरणला आहे.

जो पोरगा ड्रम कसून देतो आणि गप वर्गात जाऊन बसतो त्याला काय वाटत असेल ते मला विचारा.

नलिनी_मूर्तिजापूर
दादा, वाचून डोळ्यात पाणी आलं. माझं मत मी वर लिहिलं ते माझ्या घरापुरतं होतं, माझ्या मुलाला घरी अभ्यास घ्यायला मी होते.

निवृत्त_मुख्याध्यापक
@डफडं_ते_ड्रम नमस्कार तुम्हाला. असे विद्यार्थी आमच्या हातून निसटले त्यांची आठवण झाली.

सातपुडा_वारा
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज तरी कुठं फार शाळा शिकले होते, हातात खंजिरी घेऊन अख्खा देश जागा केला, आज नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

खाकी_स्वप्न
@सातपुडा_वारा महाराजांबद्दल आदरच आहे, पण प्रत्येक पोराला ते उदाहरण देऊ नका भाऊ, पोरं त्यातलं "शाळा शिकले नाहीत" एवढंच ऐकतात. मी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना शिकवतो. पोलीस दलात बँड्समनची पदं निघतात, वाजवता येणाऱ्या खेड्यातल्या पोरासाठी सोन्यासारखी संधी आहे. बाकी शिपाई पदाला बारावी पास लागते, बँड्समनला दहावी पास. पण दहावी पास लागतेच. दरवेळी दोनचार पोरं अशी येतात की वाजवतात झकास, मैदान मारतात, आणि कागद पाहिला तर दहावीत दोन विषय राहिलेले. तेव्हा मला रडू येतं.

म्हणून मी म्हणतो बँडमधे ठेवा, पण ठेवून सोडून देऊ नका. त्या नववीतल्या पोराला कुणीतरी समोर बसवून सांगा की तुझ्या या हाताला सरकारी पगार आहे, फक्त मधे गणित आणि इंग्रजी उभं आहे.

वऱ्हाडी_बाणा
हे बोललात बरोबर! याले म्हणते मुद्दा.

गोंडपिंपरीची_ताई
थोडं अवांतर, बँडमधे मुली किती आहेत? आमच्या वेळी मुलींना लेझीम आणि मुलांना ड्रम असंच वाटप होतं. मला बिगुल वाजवायचा होता, सर म्हणाले मुलींना फुंकायला दम पुरत नाही. विहिरीवरून दोन हंडे पाणी आणायला पुरत होता.

पांढरंसोनं
@ताई बावीसात सहा मुली. सहाही बासरी आणि ट्रँगलवर. तुम्ही म्हटल्यावर आता मोजलं.

तूरडाळ_आलन
आमच्याकडं झेंडावंदनानंतर बुंदी आणि शेव मिळायची कागदाच्या पुडीत, बँडवाल्यांना दोन पुड्या. मी झांज फक्त दुसऱ्या पुडीसाठी वाजवली तीन वर्षं.

सातपुडा_वारा
आमच्याकडं जिलबी. बँडवाल्यांना गरम, बाकीच्यांना गार.

कोरडवाहू
मंडळी, बुंदीवर गेलात. मूळ प्रश्नाकडे या. समजा ठराव मागे घेतला, तर ज्या पोरांनी बँडमधे राहायचं म्हणून ऑक्टोबरात रात्र रात्र अभ्यास केला त्यांना काय सांगणार? माझी पुतणी अशीच आहे, दुसऱ्या शाळेत, तिथंही हाच नियम. तिनं इतिहासात ३८ मार्क मिळवले फक्त बासरीसाठी. तिच्यावर अन्याय नाही का? मी पोरांच्या विरोधात नाही, पण शब्द दिला की पाळावा लागतो, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी ऐकणार नाही.

ह्यूस्टन_ते_पुसद
हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच नियम पूर्ण काढण्यापेक्षा त्यात परत यायची वाट घाला असं माझं म्हणणं. पुतणीचं अभिनंदन.

पांढरंसोनं
आज शाळेत जाऊन त्या सातही जणांचं हजेरीपुस्तक पाहिलं. निवृत्त सरांचं वाचल्यापासून डोक्यात होतं की ही पोरं नापास का झाली हे आम्ही विचारलंच नाही.

सातातले पाच जण ऑक्टोबरमधे नऊ ते सतरा दिवस गैरहजर. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी. यंदा पावसानं उघडीप दिली तेव्हा सगळ्यांचं एकदमच आलं, मजूर मिळेना, घरोघरी पोरं वावरात होती. सत्र परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात. माझ्या वावरात सुद्धा त्यातला एक पोरगा तीन दिवस होता, त्याच्या आईबरोबर आला होता. मी मजुरी दिली आणि दिवाळीनंतर सभेत जाऊन त्याच्या विरोधात हात वर केला. हे मला आज कळलं.

सहावी मुलगी आहे, तिला नीट दिसत नाही, फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवते. वर्गशिक्षकांना माहीत होतं, घरच्यांना नाही. सातवा म्हणजे तो ड्रमवाला. त्याचं सोयाबीन नाही, चष्मा नाही, हजेरी पूर्ण. त्याला खरंच येत नाही. त्याच्याशी बोललो तर म्हणाला, काका, पाचवीपासूनच सुटलं, आता कुठून धरू ते समजत नाही.

डफडं_ते_ड्रम
"कुठून धरू ते समजत नाही." हेच होतं माझं.

चष्मिष्ट_बीएड
त्या मुलीचे डोळे आधी तपासा. ग्रामीण रुग्णालयात किंवा शाळेच्या आरोग्य तपासणीच्या पथकाकडून होईल, मुख्याध्यापकांच्या पत्रानं लवकर होतं. बँड राहू द्या बाजूला, हे याच आठवड्यात करा.

आणि ड्रमवाल्यासाठी: नववीचं गणित शिकवायला जाऊ नका. अपूर्णांक आणि भागाकार, महिनाभर एवढंच. ताल येणाऱ्या पोराला अपूर्णांक शिकवणं सोपं जातं, मी करून पाहिलंय. एका ठोक्याचे दोन भाग, चार भाग, तीन भाग. त्याला हातानं माहीत आहे, फक्त कागदावर आणायचं.

नलिनी_मूर्तिजापूर
मी सुचवू का, प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर ठेवा. तास बुडणार नाहीत, मग निम्मं भांडणच मिटतं.

पांढरंसोनं
ताई, तेच अडतं. शाळा सुटते पाच वाजता, चार खेड्यांची पोरं. मुलींसाठी सरकारच्या मानव विकास योजनेची बस सव्वापाचला निघते, ती गेली की दुसरी एसटी नाही. जानेवारीत सहाला अंधार. सहाही मुली बाहेरगावच्या.

निवृत्त_मुख्याध्यापक
मग सकाळी. परिपाठाच्या आधी पाऊण तास, बस साडेनऊला येते असं गृहीत धरतो. आम्ही शेवटची चार वर्षे तसंच केलं. आठवड्यातून तीन दिवस प्रॅक्टिस आणि तीन दिवस त्याच पोरांना त्याच वेळेत गणित-इंग्रजी. जो गणिताला आला नाही तो दुसऱ्या दिवशी ड्रमला नाही. हा नियम पोरांना लगेच समजतो, कारण कालचं आज कळतं. ऑक्टोबरचं जानेवारीत सांगितलं तर ते नुसतं अपमान करणं होतं. एक शिक्षक मात्र तयार पाहिजे, आणि त्याला कुणी जादा पैसे देणार नाही.

कोरडवाहू
हे मला पटतं. हजर राहा, मेहनत करा, मग वाजवा. मार्क किती पडले ते पुढचं. पुतणीला पण हे सांगता येईल, तिनं मेहनत केली, यानंही करावी.

वऱ्हाडी_बाणा
कोरडवाहू भाऊ आले बाप्पा लाइनीवर, चहा पाजा कोनी त्याईले!

पांढरंसोनं
सभा झाली. अडीच तास चालली, आवाज चढले. दोन पालक शेवटपर्यंत विरोधात राहिले, एकजण उठून गेला. मी माझ्या वावराची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग मागून एक बाई म्हणाली की माझं पोरगं पण तुमच्याच वावरात होतं. मी मान खाली घालून ऐकलं.

ठरलं ते असं. सकाळची पाऊण तास वेळ, निवृत्त सरांनी सांगितलं तसं एक दिवस आड. गणिताच्या सरांनी स्वतःहून हो म्हटलं, इंग्रजीला गावातली एक बीए झालेली मुलगी येणार आहे. नावं माइकवर वाचायची नाहीत. पुढच्या वर्षीपासून सत्र परीक्षा सोंगणीच्या आठवड्यात येणार नाही असं पाहायचं, हे मुख्याध्यापकांनी मान्य केलं पण लेखी नाही. मुलीला मंगळवारी दारव्ह्याला नेलं, चष्म्याचा नंबर निघाला. तिला बिगुल पाहिजे म्हणते, @गोंडपिंपरीची_ताई.

ड्रमवाला दोन दिवस गणिताला आला, तिसऱ्या दिवशी आला नाही. नियमाप्रमाणं त्याला दुसऱ्या दिवशी ड्रम नव्हता. गणिताच्या चौथ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. पास होईल का मला माहीत नाही. सर म्हणाले अजून भागाकारातच आहे.

एक अडचण आली आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा. मधल्या साइड ड्रमचं खालचं पान फाटलं, आणि आता तोच वाजवणार आहे. यवतमाळात लगेच कुठं मिळेल का?

डफडं_ते_ड्रम
ड्रमचा व्यास इंचात मोजून कळवा. मी गुरुवारी कामानं अमरावतीला जातोय, घेऊन येतो आणि शनिवारी स्वतः येऊन बसवून देतो. पैसे नकोत. सकाळी पाऊण तासाच्या आधी पोहोचतो, त्याला म्हणावं थांब माझ्यासाठी.